शाळेचे दार उघडले. विषयाचे दार कोण उघडणार?



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स झळकतात. मुलामुलींचे फोटो, टक्केवारी, खाली मंडळाचे नाव आणि वर बुद्ध-फुले-शाहू-आंबेडकर. हा आनंद खराच आहे आणि तो साजरा झालाच पाहिजे. पण फ्लेक्सचा रंग उतरायच्या आत प्रत्येक घरात एक प्रश्न येऊन उभा राहतो: अकरावीला काय घ्यायचे? कला, वाणिज्य, विज्ञान, की आयटीआय?

हा प्रश्न घरात सुटतो असे आपण समजतो. वस्तीत काम करताना आम्हाला दिसते ते वेगळे आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा दोन-तीन वर्षे आधीच ठरलेले असते. आठवीत तुकडी पडताना, नववीत "गणित तुला जमणार नाही" असे कोणी म्हणताना, दहावीच्या निरोप समारंभात कोणाला कोणता सल्ला मिळतो त्यातून. जूनमध्ये अर्ज भरला जातो तेव्हा फक्त आधीच झालेल्या निवडीवर सही होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. जातीची चाळणी आज शाळेच्या फाटकावर लावलेली नाही. ती विषयांच्या निवडीत आहे, दहावी-अकरावीच्या उंबरठ्यावर आहे. आपली चळवळ प्रवेशासाठी लढली, आरक्षणासाठी लढली, शिष्यवृत्तीसाठी रस्त्यावर उतरली. पण कोणत्या मुलाने काय शिकावे हे कोण ठरवतो, या प्रश्नावर आपण पुरेसे बोललेलो नाही. तो बोलण्यासाठी पुण्याच्या शनिवार पेठेपेक्षा चांगली जागा नाही.

एका हाकेवरचा इतिहास

शनिवार पेठ म्हटले की शनिवारवाडा आठवतो. ज्या पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, ती पेशवाई. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात तिचा उल्लेख केला आहे. त्याच शनिवार पेठेत आज डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रमणबाग शाळा आहे, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल. त्याच सोसायटीची अहिल्यादेवी मुलींची शाळाही इथेच आहे. आणि चालत काही मिनिटांवर, बुधवार पेठेत, भिडे वाड्याची जागा आहे.

भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघाले. चिपळूणकर, टिळक, आगरकर ही नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. म्हणजे शाळा, तिच्यापुढे कॉलेज, कॉलेजपुढे नोकरी आणि सार्वजनिक जीवन, असा सलग जिना पुण्याच्या पेठांमध्ये पाच-सहा वर्षांत बांधून तयार झाला. स्वस्त आणि चांगले शिक्षण देणारी खासगी संस्था उभारणे हे मोठे काम होते, हे आम्ही नाकारत नाही. प्रश्न असा आहे की त्या जिन्याची पहिली पायरी कोणाच्या अंगणात होती.

हा प्रश्न त्याच काळात एका माणसाने सरकारला लेखी विचारला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी हिशेबच मांडला. सरकारी तिजोरी भरते शूद्र शेतकऱ्याच्या कष्टातून आणि त्यातला शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वरचे शिकले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा सिद्धांत त्यांनी फेटाळला. तसे काही घडलेले नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, बहुजनांतून शिक्षक तयार करा, अशी मागणी केली. ज्या शहरात त्या वेळी इंग्रजी शाळांची लाट आली होती, त्याच शहरातला हा आवाज आहे.

प्रवेश रोखता येईना, तेव्हा विषय रोखला

इतिहास नीट वाचला तर एक चाल पुन्हा पुन्हा दिसते. आधी शाळाच नाकारायची. लोक लढून शाळेत घुसले की विषय नाकारायचा.

१८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, जे आपण हुजूरपागा म्हणून ओळखतो. तेव्हा टिळकांच्या 'मराठा' पत्राने त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठवली. मुलींना मुलांसारखे इंग्रजी आणि उच्च विषय शिकवायचे कशाला, घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढे पुरे, हा त्या टीकेचा गाभा होता. मुलींनी शिकावे की नाही या वादाने रूप बदलले आणि तो 'मुलींनी काय शिकावे' या वादात शिरला.

दुसरे उदाहरण आपल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण त्याचा अर्थ आपण पुरेसा काढत नाही. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. शाळा सरकारी होती. प्रवेश मिळाला होता. बाकावर बसता येत होते. पण दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायची म्हटल्यावर अस्पृश्याला संस्कृत शिकवणार नाही, अशी भिंत समोर आली. सुभेदार रामजींची इच्छा होती की मुलांनी संस्कृत शिकावे. बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वतःच्या हिमतीवर शिकले, ती गोष्ट वेगळी.

या प्रसंगाकडे आपण केवळ अपमानाची कथा म्हणून बघतो. त्यातली व्यवस्था बघा. शाळेच्या हजेरीपटावर नाव आहे, फी भरली आहे, सरकारी कागदात कुठेही भेदभाव नाही. तरीही कोणत्या ज्ञानापर्यंत या मुलाने पोहोचायचे आणि कोणत्या ज्ञानाच्या अलीकडे थांबायचे, हे त्याच्या जातीने ठरवले. विद्यार्थ्याला "तू हा विषय घेऊ नकोस" असे म्हणण्याचा अधिकार वर्गात उभ्या असलेल्या माणसाकडे होता.

हा अधिकार आज संपला आहे का?

आजची चाळणी गोड बोलते

आज कोणी "तुझ्या जातीला हा विषय नाही" असे म्हणत नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. आज म्हणतात, "तुझा कल तिकडे नाही." "सायन्स झेपणार नाही बेटा." "क्लासचा खर्च परवडणार आहे का?" "कॉमर्स घे, लवकर नोकरी लागेल." बोलणारे शिक्षक दुष्ट असतात असेही नाही. अनेकांना खरोखरच वाटते की आपण मुलाला अपयशापासून वाचवतो आहोत. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीला दहावीत विज्ञानात चांगले गुण होते. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. तिला शाळेतून सल्ला मिळाला तो वाणिज्य शाखेचा. कारण विचारले तर उत्तर आले, "घरची परिस्थिती बघून सांगितले." परिस्थिती बघून! म्हणजे आईचा धंदा बघून मुलीचा विषय ठरवला. याला वर्णव्यवस्था म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

ही चाळणी फक्त सल्ल्यात नाही, ती शासनाच्या धोरणातही आहे. तीन गोष्टी बघू.

पहिली, सामान्य गणित. राज्य मंडळाने मध्यंतरी काही वर्षे नववी-दहावीला नेहमीच्या गणिताऐवजी सामान्य गणिताचा पर्याय दिला होता. नापासांचे प्रमाण कमी व्हावे हा हेतू. पण ज्याने तो पर्याय घेतला त्याची विज्ञान शाखेची वाट तिथेच बंद झाली. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात एक सोपा पर्याय ठेवला आणि त्याच्या पाठीमागे दार लावून घेतले. हा पर्याय कोणत्या तुकडीला सुचवला जात असेल, हे सांगायला संशोधन लागत नाही. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा तो बंद झाला.

दुसरी, कलचाचणी. २०१६ पासून काही वर्षे मंडळाने दहावीच्या सगळ्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून विचारतो, कल येतो कुठून? ज्याच्या घरात डॉक्टर काका आहे, इंजिनिअर मावशी आहे, कपाटात पुस्तके आहेत, त्याचा कल विज्ञानाकडे असणारच. ज्याने प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात धरली नाही, लांबून बघितली, त्याचा कल कुठे असणार? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. घरातून मिळालेल्या भांडवलावर शाळा 'नैसर्गिक गुणवत्ता' असा शिक्का मारते, हे त्याचे सांगणे. आपल्या देशात या भांडवलाचा सातबारा जातीच्या नावावर आहे.

तिसरी आणि सगळ्यात ताजी. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद सुचवली गेली की गणित किंवा विज्ञानात पस्तीसपेक्षा कमी, पण वीस किंवा त्याहून जास्त गुण असलेल्या विद्यार्थ्याला दहावी उत्तीर्ण समजावे. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा असेल की त्याला पुढे गणित-विज्ञानाशी संबंधित शिक्षण घेता येणार नाही. वरवर बघता हे दयाळूपणाचे आहे. दहावी नापास होऊन शिक्षण सुटण्यापेक्षा बरे, असे कोणी म्हणेल. नापासाचा शिक्का नको, हे आम्हालाही मान्य आहे. पण मग पुन्हा परीक्षा देऊन तो शेरा पुसण्याची सोपी, मोफत सोय त्याच कागदावर छापा. तशी हमी नसेल तर ती दया नाही, ती पंधराव्या वर्षी दिलेली जन्मठेप आहे.

वर्ग आपला झाला आणि अनुदान आटले

पुण्याच्या पेठांमधल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळांत आज कोण शिकते? पेठेतला सुखवस्तू मध्यमवर्ग कधीच कोथरूड, औंध, बाणेरला गेला. त्याची मुले इंग्रजी माध्यमात, सीबीएसईत, आयसीएसईत गेली. ज्या वर्गांतून एकेकाळी पेठेतली उच्चवर्णीय मुले बाहेर पडली, त्या वर्गांत आता रिक्षावाल्याची, सफाई कामगाराची, मोलकरणीची, हमालाची मुले मोठ्या संख्येने बसतात. दांडेकर पुलापासून आणि कासेवाडीपासून मुले पेठांमधल्या शाळांत येतात. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात. तिथल्या मुलालाही पुढे कुठेतरी जावेच लागते आणि तो याच शाळांच्या दारात येतो.

म्हणजे ज्या जिन्याबद्दल जोतीरावांनी १८८२ मध्ये प्रश्न विचारला, त्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर आज आपली मुले पोहोचली आहेत. हा आपल्या आईबापांच्या कष्टाचा आणि बाबासाहेबांच्या संविधानाचा विजय आहे.

पण नेमके त्याच काळात सरकारने काय केले? २००१ मध्ये नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आणले. पुढे 'कायम' शब्द काढला, पण अनुदानाचा प्रश्न रेंगाळतच राहिला. मग २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. नवी शाळा, नवा वर्ग काढायचा तर स्वतःच्या पैशाने, म्हणजे पालकांच्या पैशाने. परिणाम असा की एकाच इमारतीत, एकाच बोर्डाखाली, अकरावीची एक तुकडी अनुदानित आणि शेजारची विनाअनुदानित असते. फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. त्यात कला शाखा अनुदानित आणि विज्ञानाच्या वाढीव तुकड्या विनाअनुदानित असतील तर मुलाने शाखा निवडली की बापाच्या खिशाने?

विद्यार्थी कमी झाले की शिक्षकाचे पद जाते, हा संचमान्यतेचा नियम. मराठी शाळेतला विद्यार्थी कमी होत जातो, विज्ञान-गणिताचा शिक्षक अतिरिक्त ठरतो, जागा भरली जात नाही, म्हणून आणखी विद्यार्थी सोडून जातात. शेवटी उरतात ते ज्यांना दुसरीकडे जायला पैसे नाहीत. आणि मग त्याच मुलांना सांगितले जाते, तुमचे गणित कच्चे आहे.

राखीव जागा आहे, मग रडता कशाला?

हा प्रश्न आपल्याला हमखास विचारला जातो. उत्तर तयार ठेवा.

अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रवेश प्रक्रिया पुण्यात आधीपासून होती, २०२५-२६ पासून ती सगळ्या राज्यात लागू झाली. अनुसूचित जातींसाठी १३ टक्के आणि जमातींसाठी ७ टक्के जागा त्यात आहेत. पण त्याच यादीत इनहाऊस कोटा १० टक्के, व्यवस्थापन कोटा ५ टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांत ५० टक्के अल्पसंख्याक कोटाही आहे. इनहाऊस म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेत शिकलेल्यांसाठी. ज्याच्या आईबापांना दहा वर्षांपूर्वी योग्य शाळेचे दार ठाऊक होते, त्याला अकरावीतही त्याचे व्याज मिळते. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणारे या व्याजाबद्दल कधी बोलत नाहीत. २०२५ मध्ये अल्पसंख्याक संस्थांतल्या जागांना सामाजिक आरक्षण लावण्याचा प्रयत्न शासनाने केला, तर त्याला उच्च न्यायालयाची अंतरिम स्थगिती मिळाली. शहरातल्या नावाजलेल्या महाविद्यालयांपैकी अनेक अशा संस्थांची आहेत, हे लक्षात घ्या.

आणि राखीव जागा वापरायची तर आधी ती शाखा मागावी लागते. ज्या मुलाच्या मनातून विज्ञान नववीतच काढून टाकले आहे, तो विज्ञानाची राखीव जागा मागणार कशी? मग जागा रिकामी राहते आणि वर्तमानपत्रात बातमी येते की मागासवर्गीय जागांना प्रतिसाद नाही. आपला हक्क आपणच सोडला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

अर्ज भरण्यातही मेख आहे. पसंतीक्रमात पहिले नाव टाकलेले महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडते. हे माहीत नसल्यामुळे सायबर कॅफेवाल्याने भरलेला पहिला पर्याय आयुष्याचा पर्याय होऊन बसतो. जातीचा दाखला वेळेत नसला की अर्ज खुल्या प्रवर्गातून जातो. एक कागद, आणि तेरा टक्क्यांतली जागा गेली.

शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत सोबत येतो. नेमक्या अवघड वळणावर तो हात सोडून देतो. नववीपासून पुढे मूल, त्याचा बाप आणि बाजार, एवढेच उरतात.

इंग्रजीची भिंत

मराठी माध्यमात दहावी झालेले मूल विज्ञान शाखेत गेले की पहिल्याच दिवशी ते पंचाण्णव टक्के मिळवलेले असो की पासष्ट, त्याच्या कानावर इंग्रजी पडते. कालपर्यंत 'त्वरण' म्हणत होते, आज 'ॲक्सिलरेशन'. कालपर्यंत 'प्रकाशसंश्लेषण', आज 'फोटोसिंथेसिस'. ज्याने सेमी-इंग्रजी तुकडीतून दहावी केली तो तरून जातो. पण सेमीच्या तुकडीत कोणाला घ्यायचे हेही अनेक ठिकाणी आधीच्या गुणांवरच ठरते. पुन्हा तीच चाळणी, दोन वर्षे अलीकडे.

गंमत बघा. नीट परीक्षा मराठीतून देता येते. २०२१ पासून जेईई मेनही मराठीतून देता येते. पण त्या परीक्षेकडे नेणारी अकरावी-बारावी मात्र इंग्रजीतूनच शिकवली जाते. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून २०२४ मध्ये पेढे वाटले गेले. त्या अभिजात मराठीत वस्तीतल्या मुलाला भौतिकशास्त्र शिकवण्याची वेळ आली की सगळे गप्प.

आणि कॉलेज तरी कुठे भरते? खासगी क्लास आणि कनिष्ठ महाविद्यालय यांच्या साटेलोट्यामुळे वर्ग ओस पडतात, म्हणून २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. ज्याच्याकडे क्लासचे लाख-दीड लाख आहेत त्याला रिकाम्या वर्गाने फरक पडत नाही. ज्याचा सगळा भरवसा वर्गावरच आहे, तो बुडतो. तोच पुढे सीईटीला मागे पडतो आणि ऐकतो की आरक्षणामुळे दर्जा घसरला.

कला शाखा कमी दर्जाची आहे का?

अजिबात नाही. आम्ही स्वतः समाजशास्त्र शिकलो आणि त्याच शास्त्राच्या जोरावर हा लेख लिहितो आहोत. बाबासाहेबांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, कायदा हे विषय घेऊन व्यवस्थेची चिरफाड केली. या देशाला चांगल्या वकिलांची, पत्रकारांची, इतिहासकारांची, अर्थतज्ज्ञांची गरज आहे आणि ते आपल्यातून आले पाहिजेत. सगळ्यांनी विज्ञानच घ्यावे असे म्हणणे हाही एक प्रकारचा अंधविश्वास आहे.

आमची तक्रार शाखेबद्दल नाही, ढकलण्याबद्दल आहे. कला शाखा निवडून घेतलेली मुलगी ग्रंथालयात बसते. कला शाखेत ढकललेली मुलगी दुसऱ्या वर्षी दुकानात कामाला लागते. शिवाय कला शाखेतही अर्थशास्त्र घ्यायचे की नाही, गणित ठेवायचे की सोडायचे, वाणिज्यला गणित घ्यायचे की चिटणिसाची कार्यपद्धती, या छोट्या वाटणाऱ्या निवडी पुढची दारे उघडतात किंवा बंद करतात. ही माहिती ज्या घरात आहे तिथे ती जेवताना मिळते. आपल्या घरात ती चळवळीने पोहोचवायची आहे.

पैसा मागणे हा हक्क आहे

१९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारला आरसा दाखवला. दर माणशी शिक्षणावर खर्च चौदा आणे आणि त्याच माणसाकडून दारूच्या उत्पन्नापोटी वसूल होतात दोन रुपयांहून जास्त. जेवढे लोकांकडून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, हा त्यांचा मुद्दा. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी मदत मागितली आणि त्यातून पुढे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची वाट निघाली. आज अकरावीपासून मिळणारी भारत सरकार शिष्यवृत्ती हे त्याच मागणीचे फळ आहे. ती उपकार नाही.

आणि पुणेकरांनी विशेष लक्षात ठेवावे असे एक कलम आहे. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आपण राखीव मतदारसंघांपुरता वाचतो. त्याच करारात शेवटी असेही लिहिले आहे की प्रत्येक प्रांताच्या शिक्षण अनुदानातून दलितांच्या शैक्षणिक सोयींसाठी पुरेशी रक्कम वेगळी काढून ठेवावी. येरवड्यात सह्या झालेल्या त्या ओळीचा हिशेब मागायला येरवड्यापासून शनिवार पेठेपर्यंत किती अंतर आहे?

आजच्या योजना बघितल्या तर बहुतेक दोन टोकांवर आहेत. दहावीत नव्वद टक्क्यांच्या वर गेलेल्यांसाठी मदत आहे, फ्लेक्स आहे, सत्कार आहे. बाहेरगावाहून शिकायला आलेल्यांसाठी वसतिगृह आहे, स्वाधार आहे. दोन्ही योग्यच. पण पुण्यातच दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे, साठ-सत्तर टक्के मिळवलेले मूल स्वाधारसाठी 'स्थानिक' म्हणून अपात्र आणि गुणवंतांच्या यादीसाठी कमी गुणांचे. आपल्या समाजाचा मोठा भाग हाच आहे.

आपण काय मागायचे

एक, नववी-दहावीत शाखा-निवडीचे मार्गदर्शन लेखी असावे आणि पालकांसमोर व्हावे. "झेपणार नाही" हे तोंडी सांगून मोकळे होता येऊ नये.

दोन, पेठांमधल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळांना अकरावी विज्ञान आणि वाणिज्यच्या अनुदानित तुकड्या द्याव्यात. शिक्षकांचा पगार सार्वजनिक तिजोरीतून होतो, तर शाखाही सार्वजनिक गरजेनुसार चालली पाहिजे.

तीन, मराठी माध्यमातून विज्ञानात येणाऱ्यांसाठी अकरावीच्या सुरुवातीला मोफत सेतू वर्ग आणि दोन्ही भाषांतील पाठ्यपुस्तके.

चार, गणित-विज्ञानाचा कोणताही सोपा पर्याय किंवा शेरा कायमचा नसावा. परतीची वाट नियमातच असावी.

पाच, प्रत्येक अनुदानित शाळेने दरवर्षी जाहीर करावे की तिथल्या दहावी झालेल्या मुलामुलींपैकी कोणत्या प्रवर्गातले किती जण कोणत्या शाखेत गेले. नावे नकोत, आकडे द्या. आकडे समोर आले की चाळणी दिसेल.

आपण काय करायचे

मागण्यांची वाट बघत बसू नका. अनुदानित शाळा माहिती अधिकाराखाली येतात. शाखानिहाय, तुकडीनिहाय, प्रवर्गनिहाय प्रवेशाची माहिती मागा. अर्ज एक पानाचा असतो.

जयंतीच्या वर्गणीतून एक हिस्सा काढा आणि मे-जूनमध्ये प्रत्येक विहारात अकरावी प्रवेशाचे टेबल लावा. जातीचा दाखला आठवी-नववीतच काढून ठेवायला सांगा. विज्ञान घेतलेल्यांना अकरावीतच जात पडताळणीची कागदपत्रे जमवायला लावा, कारण बारावीनंतर सीईटीच्या धावपळीत तिथेच घोडे अडते. शिष्यवृत्तीस पात्र मुलाकडून आधी पूर्ण फी मागितली तर ती लेखी मागा, म्हणावे. लेखी मागायची वेळ आली की बरीच कार्यालये सरळ होतात.

अभ्यासिकेत केवळ एमपीएससीची पुस्तके नकोत. आठवी-नववीचे गणित शिकवणारा एक कार्यकर्ता हवा. इंजिनिअरिंगला असलेल्या भावांनो, नर्सिंग-फार्मसीला असलेल्या बहिणींनो, आठवड्याचे दोन तास द्या. वस्तीतल्या मुलाला आपल्यासारखे नाव असलेला, आपल्यासारखे बोलणारा माणूस फळ्यावर समीकरण सोडवताना दिसला पाहिजे. कल तिथे तयार होतो.

१८५५ मध्ये फुल्यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. आपल्या नेत्यांनी माणसाच्या परिस्थितीनुसार शाळा वाकवली, परिस्थिती बघून माणसाचा विषय कापला नाही. हा फरक आहे आणि तोच आपला कार्यक्रम आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये भिडे वाड्याची मोडकळीस आलेली इमारत पाडली गेली आणि तिथे राष्ट्रीय स्मारक उभारायचे ठरले. स्मारक व्हावे, भव्य व्हावे. त्याच्या उद्घाटनाला मंत्री येतील, सावित्रीमाईंच्या पुतळ्याला हार घालतील. तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी उभे राहून एक प्रश्न विचारायचा आहे: या जागेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या शाळांतून यंदा दहावी झालेल्या आमच्या किती मुलींनी विज्ञान मागितले, कितींना मिळाले आणि कितींना कोणी सांगितले की तुला झेपणार नाही?

उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू.

जय भीम! जय जोती! जय सावित्री! नमो बुद्धाय!